वाचनालयाला वर्गणी हवी, समारंभ नको

वाचनालय कशाने चालते, असे विचारले तर आपल्यातील बहुतेक कार्यकर्ते "पैशाने" असे उत्तर देतील. उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. पैसा कोणत्या वाटेने आला, यावर ते वाचनालय किती वर्षे जगेल आणि कोणाचे राहील हे ठरत असते. कशेडी घाटाच्या आश्रयाने वसलेल्या आपल्या वाड्यांतून, विहाराला लागून एक सार्वजनिक वाचनालय काढावे असा विचार सध्या जोर धरीत आहे. विचार सर्वस्वी स्वागतार्ह आहे. त्यासाठी निधी उभारण्याची जी रीत सुचविली जात आहे, तिच्याविषयी मात्र चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते.

रीत आपल्या परिचयाची आहे. मुंबईच्या मंडळाने एखादे नाट्यगृह घ्यावयाचे, नाटकाचा प्रयोग ठरवावयाचा आणि तिकिटांची पुस्तके चाकरमान्यांच्या गळ्यात मारावयाची. स्मरणिका काढून तीत जाहिराती घ्यावयाच्या, मध्यंतरात प्रमुख पाहुण्यांचा सत्कार करावयाचा आणि देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारावयाची. गावी हाच प्रकार शक्ती-तुऱ्याच्या सामन्याच्या किंवा क्रिकेट स्पर्धेच्या रूपाने होतो. वकिलीच्या व्यवसायामुळे अशा मंडळांचे हिशेब अधूनमधून माझ्यासमोर येतात. जमेची बाजू वाचून ऊर भरून येतो. पुढे खर्चाच्या बाजूला नाट्यगृहाचे भाडे, कंपनीची बिदागी, मंडप, फलक, शाल-श्रीफळ, सन्मानचिन्हे, पाहुण्यांची मोटार आणि भोजन अशी रांग लागते, आणि शेवटच्या ओळीत जी शिल्लक उरते ती पाहून, एवढ्यासाठी इतक्या माणसांनी तीन महिने धावपळ का केली, असा प्रश्न पडतो. एका मंडळाच्या कीर्दीत तर शिल्लक रकमेहून सत्काराचा खर्च अधिक होता. कोणी पैसा खाल्ला होता असे नाही. प्रत्येक रकमेची पावती होती. समारंभाचा स्वभावच तो आहे.

परंतु पैशाचा अपव्यय हा माझा मुख्य आक्षेप नाही. समारंभाने दान देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा बदलते, हा खरा आक्षेप आहे. ज्याने मोठा धनादेश दिला तो व्यासपीठावर बसतो. ज्या बाईने भातलावणीच्या मजुरीतून पन्नास रुपये दिले ती शेवटच्या रांगेत उभी राहते. तिचे नाव पुकारलेच तर घाईने पुकारले जाते. पुढे वाचनालय उघडते तेव्हा त्याच्या दारावर धनादेशवाल्याच्या वडिलांचे नाव लागते. कपाटात कोणती पुस्तके असावीत आणि टेबलावर कोणती वृत्तपत्रे यावीत, याविषयी त्याचा शब्द वजनदार ठरतो. निवडणुकीच्या वर्षी त्याच्यावर टीका करणारे वृत्तपत्र बंद होते, आणि का बंद झाले हे कोणी विचारीत नाही. ज्या समाजाने दुसऱ्याच्या मर्जीवर मिळणारे पाणी नाकारले, त्याने दुसऱ्याच्या मर्जीवर मिळणारे वाचन का स्वीकारावे?

पाण्याचा उल्लेख मी अलंकार म्हणून केलेला नाही. आपण महाडच्या परिसरातील माणसे आहोत. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला आणि १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपली तळी सर्वांना खुली असल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. म्हणूनच १९ आणि २० मार्च १९२७ रोजी जी परिषद महाडला भरली, तिच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. सार्वजनिक तळे हाकेच्या अंतरावर असताना परिषदेच्या खर्चात पाण्याची रक्कम पडावी, ही गोष्ट आपल्या मुलांना आकड्यासह सांगितली पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. शंभर वर्षांनीही ते नाव आपण कृतज्ञतेने घेतो.

या प्रकरणाची न्यायालयीन बाजू तितकीच बोधप्रद आहे, आणि आपल्या सभांतून ती क्वचितच सांगितली जाते. चवदार तळे ही आपली खासगी मालमत्ता असून अस्पृश्यांनी त्यास शिवू नये अशी अनादिकालापासूनची वहिवाट आहे, असे म्हणून महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दावा लावला. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला, कारण तशी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. सार्वजनिक वस्तू सार्वजनिक आहे हे न्यायालयाकडून वदवून घेण्यास एवढा काळ लागला. यातून वाचनालय काढणाऱ्यांनी एक व्यवहारी धडा घ्यावा. जे सर्वांचे आहे ते सर्वांचे आहे, असे कागदावर पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे.

याचे महत्त्व मी एका उदाहरणाने सांगतो. आमच्याच भागातील एका वाडीत एका सद्गृहस्थांनी आपल्या घराची पडवी वाचनालयास दिली. दिली म्हणजे तोंडी दिली. नारळ फुटला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. ते वारले, आणि दोन वर्षांत त्यांच्या मुलांत वाटणी होऊन पडवी धाकट्याच्या हिश्श्यास गेली. त्याने पुस्तकांच्या पेट्या बाहेर आणून ठेवल्या. मंडळी माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्याजवळ समारंभाची छायाचित्रे होती, निमंत्रणपत्रिका होती, वृत्तपत्रातील कात्रण होते, दस्त नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र लेखी असावे लागते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. पुस्तके, कपाट, टेबल ही जंगम वस्तू असल्याने हाती सोपविली की दान पुरे होते. पण जागेचे तसे नाही. टाळ्यांनी मालकी बदलत नाही. ज्याला खरोखरच खोली द्यावयाची आहे त्याने महाड किंवा पोलादपूरच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही करावी. मंडपाच्या खर्चाची बचत त्या कामी आली तर काही बिघडत नाही.

आता सरकारविषयी. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे त्यांस वार्षिक अनुदान मिळते. खेड्यातील लहान वाचनालय बहुधा शेवटच्या वर्गात असते. मद्रास राज्याने १९४८ सालच्या आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कराची तरतूद केली होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. त्यामुळे येथील ग्रंथालये सरकारी अनुदान आणि लोकांची वर्गणी अशा दोन पायांवर उभी आहेत. त्यातील दुसरा पाय लुळा पडला की पहिला संस्थेचे ओझे एकट्याने पेलू शकत नाही. अनुदान वेळेवर येत नाही ही तक्रार राज्यभर ऐकू येते आणि ती रास्त आहे. आपण वर्गणी काढली म्हणून सरकार आपल्या कर्तव्यातून मोकळे होत नाही. अनुदानाची मागणी आपण हक्काने करीत राहिली पाहिजे. परंतु मागणी करणाऱ्याच्या हाती चालू वाचनालय, भरलेली देवघेव-वही आणि तपासलेला हिशेब असेल तर अर्जाला जे वजन येते, ते नुसत्या निवेदनाला येत नाही.

अमेरिकेतील पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला. त्यांची एक अट होती. जागा गावाने द्यावी आणि इमारतीसाठी जी रक्कम मिळेल तिच्या दहा टक्के इतका खर्च गावाने दरवर्षी स्वतः करावा. कार्नेगींच्या कामगारविषयक धोरणाविषयी माझे मत चांगले नाही; त्यांच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली कामगारांचे रक्त सांडले होते. पण ही अट घालताना त्यांनी नेमके दुखणे ओळखले होते. इमारत एकदा होते. पुस्तक, दिवा, वृत्तपत्राचे बिल आणि ग्रंथपालाचे मानधन हे महिन्याच्या महिन्याला लागते. समारंभातून इमारत उभी राहू शकेल, पण महिन्याचा खर्च समारंभातून निघत नाही.

लोकांच्या नियमित आश्रयावर ग्रंथालये कशी टिकतात हे पाहावयास दूर जावयाचे कारण नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून वर्गणीदार व देणगीदार यांच्या बळावर वाढत आले. घाट उतरून खेडवरून पुढे गेले की चिपळूण लागते. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ ची. २००५ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी त्या ग्रंथालयात पुराचे पाणी शिरले आणि ग्रंथांची मोठी हानी झाली. दोन्ही वेळा ते पुन्हा उभे राहिले, आणि त्यात ठिकठिकाणच्या ग्रंथप्रेमींनी पाठविलेल्या पुस्तकांचा व मदतीचा मोठा वाटा होता. वर्षानुवर्षे जी संस्था वाचकांच्या घरात पोहोचलेली असते, तिच्यासाठी आपत्तीत माणसे धावतात. ज्या काळात या संस्था निघाल्या, त्या काळात आपल्या वाडवडिलांच्या हाती अक्षरच येऊ दिले गेले नव्हते, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच जी वाट त्यांना दीडशे वर्षांपूर्वी सापडली, ती आपण आज धरण्यात उशीर करू नये.

बाबासाहेबांनी ही वाट कधीच दाखविली होती. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा वसतिगृहांबरोबरच वाचनालये काढणे हाही तिचा उद्देश होता. 'बहिष्कृत भारत' हे पत्र चालविताना त्यांना आर्थिक ओढाताण किती सोसावी लागली हे सर्वश्रुत आहे. पत्राचे ऋण हे लोकांचे ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी १९२८ साली वाचकांपुढे लेख लिहूनच मांडला. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. त्याला मान देणारे पुष्कळ होते. नियमाने वर्गणी भरणारे मोजके होते.

त्याच २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळियेवर डोंगर कोसळला आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गिळली. महाराष्ट्रातून मदतीचा ओघ आला. त्या ओघाचे ऋण मोठे आहे. पण मदतीच्या गाठोड्यांत फाटके कपडेही पुष्कळ आले होते, आणि ते पुढे उकिरड्यावर गेले, हे आपण पाहिले आहे. पुस्तकांच्या दानाचेही असेच होते. "वाचनालयास पुस्तके द्या" असे आवाहन केले की घराघरांतून माळा साफ होतो. दहा वर्षांपूर्वीची बारावीची मार्गदर्शके, मुखपृष्ठ नसलेल्या कादंबऱ्या, कोणत्या तरी कंपनीच्या रोजनिश्या आणि एकाच चरित्राच्या सोळा प्रती जमा होतात. नकोशा वस्तूची विल्हेवाट म्हणजे दान नव्हे. ग्रंथपालाने हव्या असलेल्या पुस्तकांची यादी विहाराच्या भिंतीवर लावावी आणि देणाऱ्याने त्या यादीतील पुस्तक विकत घेऊन द्यावे, किंवा तेवढी रक्कम पावती घेऊन भरावी. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी लाखो माणसे येतात आणि आपल्या मिळकतीतून पुस्तके विकत घेऊन जातात. घरी वाचून झालेले त्यातील एखादे पुस्तक गावच्या कपाटात ठेवले तर दोन-चार वर्षांत चांगला संग्रह उभा राहील. हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणा, ही हाक आपल्या लोकांनी कशी उचलून धरली हे आपण पाहतोच. त्यासाठी कोणाला व्यासपीठ बांधावे लागले नाही.

आता हिशेब मांडू. समजा, चार वाड्या मिळून साठ घरे आहेत आणि प्रत्येक घराने महिन्यास वीस रुपये दिले. महिन्याचे बाराशे आणि वर्षाचे चौदा हजार चारशे होतात. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या चाळीस जणांनी महिन्यास शंभर रुपये दिले तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार होतात. एकूण बासष्ट हजार चारशे रुपये. यात कोणाचे नाव पुकारावे लागत नाही आणि कोणाला तिकीट खपवावे लागत नाही. पुढच्या वर्षी हाच पैसा पुन्हा येतो, जे नाटकाच्या बाबतीत कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मुंबईतील आपल्या मंडळांना मासिक वर्गणीची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे. गिरणीच्या पगारातून चार आणे बाजूला काढून गावच्या कार्यासाठी देणारे वडील आपण पाहिले नसले तरी ऐकले आहेत. त्या वहीत वाचनालयासाठी एक रकाना वाढवावयाचा, एवढेच काम आहे.

कोणी म्हणतील, कार्यक्रमामुळे लोक एकत्र येतात, उत्साह निर्माण होतो. रुक्ष पावतीपुस्तकाने तो कसा येणार? या म्हणण्यात तथ्य आहे. जयंती थाटाने व्हावी, शक्ती-तुऱ्याची रात्र रंगावी, नाटकही पाहावे. मला स्वतःला नाटकाचा नाद आहे. पण नाटक नाटकासाठी पाहावे. वाचनालयाचे निमित्त करून नाटक आणि नाटकाचे निमित्त करून सत्कार, या साखळीत शेवटी पुस्तकांच्या वाट्याला उरलेसुरले येते. शिवाय उत्साहाचा विषय निघालाच आहे तर आपल्याजवळ त्याचे एक जुने साधन आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या घराघरांतून आणि विहारांतून ग्रंथवाचन होते. लावणीने अंग मोडलेले असताना, बाहेर पावसाची धार असताना, बायामाणसे रात्री दिव्याभोवती बसून ऐकतात. इतका निष्ठावंत वाचकवर्ग कोणत्या शहरी ग्रंथालयाच्या नशिबी आहे? वर्गणीची वही त्या बैठकीत फिरवावी. भोजनदान आणि चीवरदान जितक्या सहजतेने होते, तितक्याच सहजतेने ग्रंथदान व्हावे. दान ही पहिली पारमिता मानली आहे, आणि तिला ध्वनिक्षेपक लागत नाही.

वर्गणीतून पैसा जमू लागला की जबाबदारीही येते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. संस्था १८६० च्या कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवून घ्यावी. नोंदणी नसताना धर्मादाय कार्यासाठी लोकांकडून पैसा गोळा करावयाचा असेल तर धर्मादाय आयुक्तांस तसे कळवावे लागते. हे पुष्कळांस माहीतच नसते. बँकेत स्वतंत्र खाते असावे, ते दोघांच्या सहीने चालावे, आणि त्या दोन सह्यांपैकी एक सही बाईची असावी. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा आणि दर तिमाहीचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर खडूने लिहावा. ज्या वाडीत जमाखर्च फळ्यावर लिहिला जातो तेथे वर्गणी मागावी लागत नाही, लोक आपणहून आणून देतात. मोठी देणगी आली तर ती जरूर घ्यावी. मात्र देणगीदाराचे नाव पावतीवर आणि वहीत यावे, दारावर येऊ नये. आणि ग्रंथनिवडीवर त्याचा अधिकार नाही, असे घटनेतच लिहून ठेवावे.

घटना लिहिताना आणखी एक कलम घालण्याचा मी आग्रह धरीन. वाचनालय केवळ बौद्धांचे असू नये. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर सामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेली सार्वजनिक ठिकाणे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही बंद करता येणार नाहीत, असे सांगितले आहे. मराठा वाडीतील मुलगी, मोहल्ल्यातील मुलगा, कातकरी वस्तीतील पोर, कोणीही आले तरी त्यास कपाट उघडे असले पाहिजे. त्यांच्या घरून वर्गणी आली तर घ्यावी. न आली तरी पुस्तक द्यावे. आपल्यापैकी काहींना हे रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. "आपला पैसा आणि त्यांची सोय" असे शब्द एका बैठकीत माझ्या कानी आले. तळ्याच्या दाव्यातील वादींचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

आता घाटाखालून बोगदा गेला आहे. मुंबईहून निघालेल्या गाड्या कशेडीची वळणे न चढता डोंगराच्या पोटातून खेडच्या बाजूला निघून जातात. रहदारी दूर गेली, तसा तिच्या आधाराने मिळणारा थोडाफार धंदाही. मागे जी मुले-मुली राहिली आहेत, त्यांच्यातील कित्येक तलाठ्याच्या, पोलिसांच्या, बँकेच्या परीक्षांस बसत आहेत. त्यांच्या हाती मोबाईल आहे, पण डोंगराच्या आडोशाला संदेश पोहोचत नाही, आणि घरात एका खोलीत सहा माणसे आहेत. वृत्तपत्र आणि शांत टेबल यांच्यासाठी पोलादपूरला किंवा महाडला जावे तर एस. टी.चे भाडे आणि अर्धा दिवस जातो. मुलीला तर संध्याकाळच्या आत परतावे लागते. त्यांना नाटकाच्या प्रयोगाची तारीख मिळेपर्यंत थांबावयास सांगणे योग्य नाही. एक कोरडी खोली, दोन लोखंडी कपाटे, वाळवी आणि कसर यांपासून पुस्तके राखण्याची दक्षता, एक मराठी व एक इंग्रजी वृत्तपत्र, आणि सायंकाळी सात ते नऊ खोली उघडी ठेवणारी गावातीलच एखादी शिकलेली सून, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. येत्या आषाढ पौर्णिमेच्या बैठकीत साठ घरांची यादी करावी, पावतीपुस्तक छापून घ्यावे आणि पहिल्या महिन्याचे वीस रुपये त्याच रात्री जमा करावे. बक्षीसपत्राचा आणि संस्थेच्या घटनेचा मसुदा मी विनामूल्य करून देईन.